पर्लची म्हातारी स्क्रिप्ट, नवा सर्व्हर आणि 'हे काढू नका!!!'

कोपरीपूल — मंगळवार, रात्री ११:५०

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो. आज लिहायचं कारण म्हणजे डोकं फिरलंय आणि बायको म्हणाली मला नको सांगूस, ज्यांना कळतं त्यांना सांग.

महापेला एका कंपनीत सपोर्टला आहे, नाव नको. आमचं काम कंटेनरचं, म्हणजे कंटेनरचं नाही, कंटेनरच्या निरोपांचं. न्हावाशेव्याकडच्या यार्डात कंटेनर आत आला किंवा बाहेर गेला की शिपिंग लाइनला एक ईडीआय फाइल जाते, म्हणजे कंपन्यांच्या कॉम्प्युटरनी एकमेकांना पाठवायचा ठरलेल्या साच्यातला निरोप, तिला कोडेको म्हणतात. ती फाइल म्हणजे एक लांबलचक ओळ, मध्ये अधिकची चिन्हं, कोलन, आणि एकेक तुकडा संपला की अपॉस्ट्रॉफी. ह्या फाइली वाचायला आमच्याकडे २००६ सालची, पर्ल नावाच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतली स्क्रिप्ट आहे, अकराशे ओळींची. लिहिणारे सर २०१५ ला रिटायर झाले आणि तेव्हापासून तिला कोणी बोट लावलं नाही, क्रॉनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या गजरावर, दर दहा मिनिटांनी चालते, खाते पिते गप्प बसते. एका जागी इंग्रजीत मोठ्ठ्या अक्षरात कॉमेंट आहे 'हे काढू नका!!!' आणि खाली एक ओळ आहे जी कुठलंतरी विचित्र अक्षर शोधून पुसते, ते अक्षर मी आजतागायत एकाही फाइलमध्ये बघितलेलं नाही.

आता सर्व्हर होता सेंटओएस ७ चा, म्हणजे लिनक्सच्या एका जुन्या आवृत्तीचा. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तेव्हापासून ऑडिटवाले मागे लागलेत. बॉस म्हणाला हलवतोच आहोत तर पायथनमध्ये करून टाकू, दोन हुशार मुलं आलीयेत नवीन. चार महिने गेले, मुलांनी खरंच छान स्वच्छ कोड लिहिला, रविवारी लाइव्ह केलं आणि रात्री दोन वाजता फोन. एका ड्रायव्हरचं आडनाव 'ओ' आणि मग अपॉस्ट्रॉफी असं होतं, फाइल तिथेच तुटली आणि पुढचे चाळीस कंटेनर गायब. ईडीआयमध्ये अशा वेळी अपॉस्ट्रॉफीच्या आधी प्रश्नचिन्ह टाकतात, म्हणजे हा शेवट नाही, खरंच अपॉस्ट्रॉफी आहे. मुलांना ते माहीतच नव्हतं आणि मी सांगायला विसरलो कारण मलाही माहीत नव्हतं, ते फक्त स्क्रिप्टला माहीत होतं.

सध्या जुनं परत चालू केलंय. प्रश्न असा की मुलांना पर्ल शिकवत बसू की पायथनचंच पुढे रेटू? आजच्या घडीला ह्या जुन्या स्क्रिप्टिंग भाषांमध्ये जीव घालण्यात काही अर्थ आहे का?

मिसळ_तर्री_जास्त — बुधवार, सकाळी ८:०५

पर्ल??? अजून आहे?

कॉलेजात वागळे इस्टेटला ट्रेनिंगला गेलेलो तेव्हा तिथले सर म्हणायचे ही भाषा लिहिता येते, वाचता येत नाही. पुरून टाका हो.

रबाळेनाका — बुधवार, सकाळी ९:२०

मिसळराव, पुराल पण तुमच्या मशीनमधून कुठून कुठून उकरणार? गिट म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं हत्यार, त्याचं पॅच (बदलाचा तुकडा) मेल करायचं कलम पर्लमध्ये आहे. ओपनएसएसएल बांधायला घ्या, पहिली पायरीच पर्ल. लिनक्स कर्नलला पॅच द्यायच्या आधी जी स्क्रिप्ट तुमच्या चुका काढते ती पर्ल. डेबियनची पॅकेजं बांधायची अर्धी हत्यारं पर्ल. फोटोंमधली तारीख-कॅमेरा वाचणारं एक्झिफटूल आख्खं पर्ल. तुम्ही वापरत नाही, तुमच्या खालच्या मजल्यावर राहते ती.

कोपरीपूल, तुम्हाला एक विचारतो, पुनर्लेखन कशाला? नवीन सर्व्हरवर जुनीच स्क्रिप्ट चालवून बघितली का? सेंटओएस ७ वर पर्ल ५.१६ असते. तुम्ही रेड हॅट ९ किंवा तिच्या भावंडांवर जात असाल तर तिथे ५.३२. ह्या दोघींच्या मध्ये दोन गोष्टी हमखास चावतात.

पहिली म्हणजे ५.१८ पासून हॅशमधल्या, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या यादीतल्या, चाव्यांचा क्रम दर रनला बदलतो, मुद्दामच केलंय, सुरक्षेसाठी. क्रम असेल असं आधीही कोणी वचन दिलं नव्हतं, पण रोज तोच यायचा म्हणून लोकांनी धरून चालायची सवय लावून घेतली. दुसरी, ५.२६ पासून मॉड्यूल शोधताना पर्ल चालू फोल्डरमध्ये बघत नाही. शेजारीच फाइल पडलेली असते आणि ही म्हणते सापडत नाही. दोन्ही दुरुस्त्या मिळून पाच-दहा ओळींच्या असतील.

कोपरीपूल — बुधवार, सकाळी ९:४१

नाही बघितली. 😐 खरं सांगतो, कोणाला सुचलंच नाही. बॉसने 'जुनी भाषा' म्हटलं आणि सगळ्यांनी मान हलवली.

घणसोलीचा_नवशिका — बुधवार, दुपारी १:१५

मी अजून शिकतोय, सेकंड इयर. उत्सुकतेपोटी आज पर्ल उघडून बघितली, एक शंका. डॉलर आणि अंडरस्कोर असं एक चिन्ह सगळीकडे आहे, कधी दिसतं कधी दिसतही नाही आणि तरी चालतं. हे कोणी वाचू शकतं का काका लोक?

अक्षरजुळारी — बुधवार, रात्री १०:३०

नवशिका, आई स्वयंपाकघरातून सांगते ना, भेंडी घे, धू, पूस, चीर, टाक कढईत. भेंडी शब्द एकदाच आला. पुढे काय धुवायचं काय चिरायचं हे तू विचारत नाहीस. ते न बोललेलं 'ते' म्हणजे डॉलर-अंडरस्कोर. लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेला माणूस, त्याने डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल बाहेर काढली आणि बोलीत असतात तशा सोयी तिच्यात घातल्या. अट शेवटी लिहिता येते, 'येईन, पाऊस नसला तर' अशी. आपल्याला हे खरं तर सोपं जायला पाहिजे.

आता माझी गोष्ट. मी प्रोग्रामर नाही, नौपाड्यात डीटीपी करतो, सत्तावीस वर्षं. आमच्याकडे जुन्या दिवाळी अंकांच्या फाइली आहेत ढिगाने, सगळ्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतल्या. त्या फाइलींत प्रत्यक्षात मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली आहेत, फॉन्ट काढला की नुसता कचरा दिसतो. प्रकाशकांना आता तोच मजकूर ई-बुकसाठी पाहिजे. परत टाइप करायला किती माणसं लावणार, म्हणून एका मित्राने पर्लमध्ये कन्व्हर्टर लिहून दिला आणि मी हळूहळू तो वाढवत गेलो.

ह्यात गंमत अशी आहे की एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवणं हे सगळ्यात सोपं काम, ते कोणीही करेल. खरी मारामारी ऱ्हस्व वेलांटीशी आणि रफाराशी. जुन्या फॉन्टात जसं दिसतं तसं टाइप करायचो, म्हणजे 'कि' मध्ये आधी वेलांटी मग क. युनिकोडमध्ये बोलतो तसं, आधी क मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या पलीकडे न्यायची. पण पुढे जोडाक्षर असेल तर? 'स्थिती' मध्ये ती स च्या नाही, आख्ख्या स्थ च्या पलीकडे जायला पाहिजे. आणि रफार बरोबर उलटा. तो जुन्या फाइलीत अक्षर आणि काना झाल्यावर शेवटी येतो, 'कर्ता' मध्ये त, काना, मग रफार, आणि युनिकोडला तो त च्या आधी अर्धा र म्हणून पाहिजे. आता 'वार्षिक' घ्या, ष च्या एका बाजूला वेलांटी, दुसऱ्या बाजूला रफार, दोघांनाही ओलांडून जायचंय, कोण आधी जाईल त्यावर निकाल ठरतो. काही फॉन्टात तर वेलांटी आणि रफार मिळून तिसरंच एक चिन्ह. मी वेलांटी आधी हलवतो. उलट करून बघितलं, दोन पानांत वीस ठिकाणी माती.

हे सगळं माझ्याकडे साठेक रेगेक्सच्या, म्हणजे मजकुरातले साचे शोधून बदलायच्या, ओळींत आहे आणि त्या ओळींची क्रमवारी हीच खरी मेहनत. पायथनमध्ये होणार नाही का? होईल की. पण मग त्या साठ ओळी कुठल्या क्रमाने आणि का, हे आधी माझ्या डोक्यातून काढावं लागेल, आणि मलाच निम्म्यांचं कारण आठवत नाही.

अवांतर: रेगेक्स ही मुळात पर्लची नाही, पण आज पीएचपीपासून कुठेकुठे जी चालते ती पर्लच्या वळणाची. फिलिप हेझल नावाच्या माणसाने १९९७ मध्ये त्या वळणाची वेगळी लायब्ररी केली, पीसीआरई. त्यातला पी म्हणजे पर्लच.

घणसोलीचा_नवशिका — बुधवार, रात्री १०:५२

भेंडीचं उदाहरण 🙏 आता विसरणार नाही. वाचनखूण साठवली.

चिपवाला — गुरुवार, सकाळी ७:४०

ऐरोलीला बसतो, चिप डिझाइनचं काम. आमच्याकडे 'जुनी स्क्रिप्टिंग भाषा' म्हटलं की लोक हसतील कारण आमचं सगळं टीसीएल नावाच्या तशाच एका जुन्या भाषेवर. कुठल्याही मोठ्या कंपनीचं डिझाइन टूल उघडा, आत टीसीएलचा प्रॉम्प्ट. चिपचं घड्याळ किती वेगाने, कुठला सिग्नल किती उशिरा आला तर चालेल, हे ज्या फाइलीत लिहितात तिचं व्याकरणच टीसीएलचं. आणि हे काही चुकून झालं नाही, जॉन ऑस्टरहाउटने बर्कलीला १९८८ मध्ये टीसीएल केली तीच मुळी चिप डिझाइनच्या टूल्सना एक आज्ञांची भाषा पाहिजे होती म्हणून. गेल्या दशकभरात किती वेळा ऐकलं आता सगळं पायथनवर जाणार. काही टूल्समध्ये पायथन आलीसुद्धा, पण रात्रीचा रन टीसीएलवरच लागतो. सप्टेंबर २०२४ ला टीसीएल ९ आली, ऑफिसात कोणाला पत्ता नव्हता, आठच मस्त चाललीये.

वाशीची_मावशी — गुरुवार, सकाळी ११:१०

मी बाजार समितीत एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. आमच्याकडे व्हीबीस्क्रिप्ट आहे, विंडोजमधली स्क्रिप्टिंग भाषा, रोजच्या पट्ट्या छापायला. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या ऑक्टोबरात सांगितलं की ती आता काढत आणणार, विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून ती ऐच्छिक सोय झालीये, पुढे आपोआप बंद राहणार, शेवटी जाणार. म्हणजे बघा, तुमची पर्ल म्हातारी पण सांभाळणारे आहेत, आमची वयाने तिच्यापेक्षा लहान आणि तिला घरच्यांनीच बाहेर काढली. शेठना समजावून थकले. शेठ म्हणतात चालतंय ना.

एक्सेलच्या मॅक्रोची भाषा वेगळी, ती राहणार आहे, पण तुमचा मॅक्रो रेगेक्ससाठी व्हीबीस्क्रिप्टकडून उसनवारी करत असेल तर तपासून घ्या म्हणते.

शिस्तीत_कोड — गुरुवार, दुपारी ३:२५

सगळे गोड गोड बोलताहेत म्हणून जरा कडू बोलतो. एक्झिफटूलचं कौतुक वाचलं. २०२१ मध्ये त्याच एक्झिफटूलमध्ये भोक सापडलं, फाइलीतला मजकूर वाचताना तो चक्क पर्ल कोड म्हणून चालवला जात होता, आणि गिटलॅब आलेल्या फोटोंसाठी तेच वापरत असल्यामुळे नुसती फोटोच्या नावाची फाइल चढवून लोक सर्व्हर ताब्यात घेत होते. बॅश म्हणजे लिनक्सवर आज्ञा देतो तो प्रोग्राम, त्यातलं शेलशॉक नावाचं भोक आठवा, सप्टेंबर २०१४, चूक जवळपास पाव शतक आत बसलेली. 'इतकी वर्षं चालतंय' ह्याचा अर्थ इतकी वर्षं कोणी बघितलं नाही असाही होतो.

कोपरीपूल, तुमच्या स्क्रिप्टमध्ये फाइल उघडायच्या आज्ञेत दोनच गोष्टी दिल्यात (जुनी पद्धत) का तीन, ते आज बघा. जुन्या पद्धतीत फाइलचं नावच पर्ल अर्थ लावून वाचते. नावाच्या शेवटी उभी रेघ असली तर ती फाइल उघडत नाही, त्या नावाची कमांड चालवते. आणि तुमच्या फाइलींची नावं बाहेरून येतात.

आणि माणसं? पर्लची जाहिरात द्या आणि किती अर्ज येतात बघा. सर रिटायर झाले, उद्या तुम्ही सोडलं तर कंपनीने काय करायचं?

कोपरीपूल — गुरुवार, रात्री ९:०५

शिस्तीतराव, बघितलं. दोनच आहेत. सात ठिकाणी. 🙈 हे कडू औषध लागू पडलं, आजच बदललं.

मिसळ_तर्री_जास्त — गुरुवार, रात्री ९:३०

एवढं कशाला, एआयला द्या, दोन मिनिटांत पायथन करून देईल.

रबाळेनाका — गुरुवार, रात्री १०:१५

देईल, आणि चांगलं देईल, मी करून बघितलंय. पण बरोबर आलं हे ठरवणार कशावरून? पर्लला '२४००० केजी' अशी अक्षरं मिसळलेली स्ट्रिंग दिली आणि त्यात शून्य मिळवलं तर ती मुकाट्याने २४००० धरते, फार तर वॉर्निंग देते. पायथन जागीच बसकण मारते. माझ्या मते पायथनचंच बरोबर आहे, पण रात्री दोनला गेटवर ट्रकची रांग लागलेली असताना बरोबर कोण हा प्रश्न नसतो. कुठल्या यार्डवाला वजनाच्या रकान्यात 'केजी' टाकतो हे आधी कळायला पाहिजे, आणि ते कोडमध्ये नाही, फाइलींत आहे.

बाकी मिसळराव, तुमच्या दुकानाची वेबसाइट कशावर आहे?

मिसळ_तर्री_जास्त — गुरुवार, रात्री १०:२१

वर्डप्रेस. का?

रबाळेनाका — गुरुवार, रात्री १०:२३

म्हणजे पीएचपी. १९९५ चा जन्म. पुरायची का?

मिसळ_तर्री_जास्त — गुरुवार, रात्री १०:२४

😂 शरण. ठाण्यात याल तेव्हा मिसळ माझ्याकडून.

कोपरीपूल — रविवार, दुपारी ४:००

अपडेट देतो, लांब आहे.

रबाळेनाका म्हणाले तसं जुनी स्क्रिप्ट नवीन सर्व्हरवर टाकली. पहिल्याच फटक्यात मेली, शेजारची फाइल सापडत नाही म्हणून. ते दोन ओळींत मिटलं. मग चालली, पण एक रिपोर्ट दर वेळी कॉलमांची वेगळी क्रमवारी घेऊन यायला लागला, हॅशचं प्रकरण, तिथे सॉर्ट लावला. फाइल उघडायच्या सात जागा आधीच बदलल्या होत्या. एकूण दोन संध्याकाळी गेल्या. चार महिने आणि दोन संध्याकाळी, बॉसला हे आकडे शेजारी शेजारी सांगायची हिंमत अजून झाली नाहीये.

पण पायथन टाकून दिली नाही. शिस्तीतरावांचा माणसांचा मुद्दा खरा आहे, मला त्यावर उत्तर नाही. म्हणून ठरवलं की जुनीच खरं काम करेल आणि त्याच फाइली मागच्या दाराने पायथनलाही द्यायच्या, दोघांचं उत्तर रोज ताडून बघायचं, जिथे फरक ती फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. मुलांनी फोल्डरला नाव दिलंय 'नाठाळ'.

पहिल्याच दिवशी नाठाळमध्ये एक नग पडला. मुलांनी अपॉस्ट्रॉफीचं दुरुस्त केलं होतं, आधी प्रश्नचिन्ह असेल तर तोडू नको, असं. पण एका यार्डातल्या क्लार्कने शेऱ्यात 'सील ओके?' लिहिलेलं. आता खरं प्रश्नचिन्ह ईडीआयमध्ये पाठवताना दोनदा लिहितात, म्हणून फाइलीत आलं ओके, दोन प्रश्नचिन्हं आणि मग अपॉस्ट्रॉफी. इथे तो अपॉस्ट्रॉफी खरंच शेवट आहे. मुलांच्या कोडने आधी प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून तोडलं नाही आणि पुढचा कंटेनर मागच्याला चिकटला. सरांच्या रेगेक्समध्ये हे सरळ होतं, ती डावीकडून एकेक अक्षर खात जाते, प्रश्नचिन्ह लागलं की त्याच्यासकट पुढचं एक गिळते. मुलाने ती ओळ वीस मिनिटं बघितली आणि म्हणाला, काका हे आधी वाचलं असतं तर. वाचायला पर्ल यावी लागते असंही नाही, मी त्याला कागदावर काढून दाखवलं आणि त्याने लगेच पायथनमध्ये केलं. म्हणजे शिकवायचं की नाही ह्याचं माझ्यापुरतं उत्तर असं की लिहायला नाही शिकवणार, वाचायला शिकवणार.

अक्षरजुळारी — रविवार, संध्याकाळी ६:१०

'नाठाळ' फोल्डर मीही करतो आजपासून. आणि त्या 'हे काढू नका' चं काय झालं? तीन दिवस तेच डोक्यात आहे.

कोपरीपूल — सोमवार, रात्री ११:२०

सरांना फोन केला शेवटी. कर्जतला असतात, आंबे लावलेत. आधी पंधरा मिनिटं आंब्यांवर गेली, मग विषय काढला तर खो खो हसले. म्हणाले एका यार्डात तेव्हा डॉसवरचं सॉफ्टवेअर होतं, ते फाइलीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर टाकायचं, कंट्रोल-झेड, इथे फाइल संपली म्हणून. त्याने शेवटचा कंटेनर अडकायचा. ते यार्ड कधीच बंद पडलं, काढून टाक बिनधास्त, मीच सांगतोय.

काढायच्या आधी सहज गेल्या वर्षभराच्या सगळ्या फाइलींत ते अक्षर शोधलं. मी डोळ्यांनी बघत होतो म्हणून इतकी वर्षं दिसलं नव्हतं, ते दिसतच नाही. अकरा फाइली निघाल्या. यार्ड वेगळं, शेवटची फाइल गेल्या महिन्यातली.

सरांना परत फोन नाही केला, झोपले असतील. ओळ ठेवलीये, वर कारण लिहिलं, अकराच्या अकरा फाइली नाठाळमध्ये टाकल्या. उद्गारचिन्हं तीनच राहू दिली.